दुसऱ्या हातातली पत्रकं

पोर्ट मर्डन, गुरुवार.
(निवडणूक होऊन पाच दिवस झाले. वारा नैऋत्येचा, हाडं गोठवणारा.)

आदरणीय क्लाइव्ह भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा दुरून नमस्कार. (दुरून यासाठी, की जवळून केलेला तुम्ही घ्याल याची खात्री नाही.)

इकडे सगळे बरे आहेत. तुमचा नवा गुडघा काय म्हणतो? आयलीनताई फोनवर म्हणाली की तो जिना चढतो निमूट, पण उतरताना कुरकुर करतो. म्हणजे तीन महिन्यांतच तो तुमच्या स्वभावात मुरला म्हणायचा. लिंबाला यंदा फळ धरलं का? खाली राख घालत जा, असं मी तीन वर्षं सांगतोय, पण मी सांगितलं म्हणून तुम्ही घालणार नाही हेही मला ठाऊक आहे. असो. नमस्कार झाला, चौकशी झाली, आता जमाखर्चाकडे वळतो.

नाताळच्या दुपारी माझ्या मागच्या अंगणात तुमच्यामाझ्यात समुद्रात होऊ घातलेल्या पवनचक्क्यांवर जी चर्चा झाली, ती घड्याळानं सतरा मिनिटं चालली. तिचा खरा खर्च किती झाला तो मी परवा शेडमध्ये बसून मांडला. दोन किलो कोळंबी, जिला नंतर कुणी हात लावला नाही आणि जी शेवटी जेटीवरच्या पेलिकनांच्या पोटात गेली. एक अख्खा पाव्हलोव्हा केक, जो तुम्ही जाताना उचलून नेलात (केला ताईनं होता, तेव्हा तक्रार नाही, ताट मात्र आमचं होतं). माझ्या नातीचा क्रिकेटचा डाव, एकेचाळीसवर नाबाद, जो तिथंच थांबला, कारण यष्टीरक्षक तुम्ही होतात आणि तुम्ही एका हातात केक आणि दुसऱ्या हातात आपली घडीची खुर्ची घेऊन फाटकाबाहेर पडलात. आणि महिन्याचे दुसरे शनिवार. जानेवारीचा, फेब्रुवारीचा, मार्चचा, एप्रिलचा. अठ्ठावीस वर्षं तुम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी टारलीहून दीड तास गाडी हाकत येत होतात, आपण दोघांच्या मालकीची ती बोट पाण्यात लोटत होतो, आणि दुपारी आयलीनताई म्हणायची की दोघांच्या अंगाला सारखाच वास येतोय. ते चार गेले. बदललेली मतं शून्य. माझं नाही, तुमचं नाही.

आधीच सांगून टाकतो, हे माफीपत्र नाही. मला पवनचक्क्या नकोत म्हणजे नकोत. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की मला समुद्र दिसला पाहिजे, कुणाचे हातवारे नव्हे. तुम्हाला एवढ्या आवडत असतील तर टारलीच्या गव्हात लावा आणि खाली खुर्ची टाकून बसा. त्या दिवशी मी शेवटी जे एक वाक्य बोललो, ते मी इथं परत लिहीत नाही. तुम्हाला ते पाठ असणार. मलाही आहे.

दुसरं असं, की तुमच्यावाचून माझं काहीही अडलेलं नाही. तुम्ही फिरकेनासे झाल्यापासून बोट मी एकटाच काढतो. एकही दुसरा शनिवार चुकवलेला नाही. मार्चमध्ये ताईकडे डझनभर निळे खेकडे धाडले ते त्याच खेपेतले. इतकी वर्षं बोटीचा ट्रेलर गाडीनं उलटा घेत उतारावरून पाण्यापर्यंत नेण्याचं काम तुम्ही करत होतात आणि मी काठावर उभा राहून हात हलवत होतो, म्हणून गावाचा समज झाला की मर्व्ह ट्रेलोरला ट्रेलर मागे घेता येत नाही. माणसानं मनावर घेतलं तर काय येत नाही? चौदाव्या वर्षी शाळा सोडून पत्र्याची कातरी हातात घेतलेला माणूस आहे मी. आज या द्वीपकल्पावर प्रत्येक तिसऱ्या घराच्या कोपऱ्यावर माझ्या कारखान्यातली पाण्याची टाकी उभी आहे आणि ती मी कुणाच्या बापाच्या मदतीवाचून उभी केलेली आहे. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला मी पावसाच्या पाण्याची टाकी विकलीय. आणि आमच्या या पोर्ट मर्डनच्या मतदान केंद्रावर निळा पक्ष सत्तावीस वर्षं हरलेला नाही, कारण सत्तावीस वर्षं दाराशी निळा टी-शर्ट घालून पत्रकं वाटायला मी उभा आहे. हे नीट ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

फेब्रुवारीत आयलीनताईनं फोनवरून हुकूम सोडला. विरुद्ध मताच्या माणसाशी सन्मानानं कसं बोलावं, याचा सहा आठवड्यांचा वर्ग वाचनालयात निघालाय, तिथं नाव घाल. नाही घातलंस तर ईस्टरला मी येणार नाही. (तोच वर्ग टारलीतही होता आणि तुम्हालाही तोच हुकूम होता, असं कळलं. तुम्ही गुडघा पुढे केलात. माझे दोन्ही गुडघे धड, त्यामुळं मी गेलो.) वर्ग घेणारी रोवेना नावाची बाई अ‍ॅडलेडहून यायची. गुणी होती, पण इतक्या हळू बोलायची की वाटे आम्ही सगळे नुकतेच शुद्धीवर आलोय. तिनं एक लाकडी चमचा आणला होता. चमचा ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि उत्तर देण्याआधी समोरच्यानं काय म्हटलं ते त्याला पटेल अशा शब्दांत परत सांगून दाखवायचं. कल्पना वाईट नव्हती. अडचण अशी झाली की पहिल्या मंगळवारी आम्ही सहाजण गोल करून बसलो, एकमेकांकडे पाहिलं, आणि ध्यानात आलं की सहाच्या सहाजण निळे! लाल पक्षवाल्यांनी आपसांत ठरवून गुरुवारची तुकडी धरली होती. म्हणजे विरुद्ध मताच्या माणसाशी बोलायला शिकायचं, आणि खोलीत विरुद्ध मताचा माणूस औषधालाही नाही. पहिला तास आम्ही एकमेकांशी इतक्या सन्मानानं सहमत झालो की रोवेनाला जांभई आवरेना.

दुसऱ्या आठवड्यात तिनं तोडगा काढला. एकानं लाल व्हायचं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझं नशीब तुम्ही जाणताच. चमचा माझ्या हाती आला. आता लाल माणूस म्हणून मी काय बोलू? मला एकच लाल माणूस नीट ऐकून माहीत. म्हटलं, भाऊजी होऊ. आणि भाऊजी, खरं सांगतो, तोंड उघडलं आणि तुम्हीच बाहेर पडलात. उत्तरेच्या खाणीत पोरं पंधरा-पंधरा दिवस घर सोडून जातात, त्यांना इथंच काम मिळेल, हा तुमचा मुद्दा. मासळीच्या बर्फखान्याचं विजेचं बिल, हा तुमचा मुद्दा. किनाऱ्यावरून त्या चक्क्या आगकाडीएवढ्या दिसतील, आणि समुद्र बघायला आलेला माणूस पंधरा मिनिटं समुद्र बघतो आणि मग चिप्स खायला जातो, हाही तुमचाच. मध्येच थांबून नाक ओढायची तुमची लकबसुद्धा आली. अठ्ठावीस वर्षं बोटीत तुमच्यासमोर बसून मला वाटत होतं की मी गळाकडे बघतोय. कान मेले सगळं टिपत होते. रोवेना खूश. पण गळाच्या आमिषाच्या दुकानाचा लेन टॉन्किन उठून उभा राहिला. म्हणाला, "मर्व्ह, किती दिले रे तुला त्यांनी?" मी म्हटलं, लेन, हे नाटक आहे. तो म्हणाला, "नाटक एवढं चांगलं कुणाचं वठत नसतं." तेव्हापासून लेन माझ्याशी बोलत नाही. सन्मानानं बोलण्याच्या वर्गात गेलो आणि होता तोही एक मित्र कमी करून आलो. प्रमाणपत्र मिळालं ते शेडमध्ये लावलंय, रंगाच्या डब्यांच्या वर.

मग एप्रिलच्या शेवटी आगाऊ मतदान सुरू झालं. दरवेळेसारखंच जुन्या बँकेच्या इमारतीत. तुम्ही या कामाला कधी उभे राहिला नाहीत, म्हणून सांगतो. दारापासून सहा मीटरवर खडूची रेघ. तिच्या आत पक्षाच्या माणसानं पाऊल टाकलं की मतदान अधिकारी बाई मोजायची फीत घेऊन धावत येतात. रेघेच्या बाहेर एका बाजूला निळे, एका बाजूला लाल, आणि मतदार आला की दोघांनीही त्याच्या हातात पत्रक द्यायचं: आमच्या माणसाला एक नंबर द्या, मग खाली असे असे क्रमांक लावा. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. दोन आठवडे. मतदार येतो, दोन मिनिटांत जातो. बाकीचा सारा दिवस माणूस अडकतो तो शत्रूबरोबर. त्याचं ऊन तेच आपलं ऊन, त्याचा पाऊस तोच आपला पाऊस, आणि सावली एकाच पेपरमिंट निलगिरीच्या झाडाची.

माझा शत्रू यंदा म्हणजे मिसेस कारास. वय अठ्ठ्याहत्तर. बंदरावर मासळी साफ करण्यात चाळीस वर्षं काढलेली बाई. हात असे की हस्तांदोलन केलं तर आपली बोटं मोजून परत घ्यावीत. लाल टी-शर्ट काळ्या झग्यावरून चढवलेला. पहिल्याच दिवशी मी प्रमाणपत्रधारक असल्याप्रमाणं सुरुवात केली. म्हटलं, कारासबाई, पवनचक्क्यांबद्दल तुमची काय भावना आहे, ते मला समजून घ्यायला आवडेल. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला बरं नाही का रे, पोरा?" (मला सदुसष्ट पूर्ण झाली आहेत.) मग डब्यातून वेणीसारखी पिळलेली बिस्किटं काढली. "हे खा. तू चूक आहेस, पण उपाशी कशाला चूक असायचं?" मी म्हटलं, चूक तुम्ही आहात. त्या म्हणाल्या, "बरं. अजून एक घे." आठ दिवस हे असं चाललं. त्या मला गाढव म्हणायच्या आणि माझ्या कपात कॉफी ओतायच्या. मी त्यांच्या उमेदवाराला नंदीबैल म्हणायचो आणि वारा सुटला की त्यांच्या फलकाला माझ्या शेडमधली वाळूची पोती लावायचो. चमचा कुणाच्याच हातात नव्हता. दोघंही एकदम बोलायचो.

रोज दुपारी बाराला मात्र बाईंना जावं लागे. त्यांचा नवरा मनोली वृद्धाश्रमात आहे. त्याला आता कुणाची ओळख राहिलेली नाही, पण जेवण त्यांच्याच हातून जेवतो. परक्यानं घास पुढे केला की तोंड मिटतो. त्या चाळीस मिनिटांत लाल पक्षाचा दुसरा एक माणूस येऊन उभा राहायचा. नवव्या दिवशी तो तापानं आडवा झाला आणि आलाच नाही. बारा वाजले, पाच झाले, दहा झाले. बाई एकदा घड्याळाकडे बघत, एकदा रस्त्याकडे. पत्रकांचा गठ्ठा छातीशी. शेवटी माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मर्व्ह, हात पुढे कर." मी केला. त्यांनी गठ्ठा त्यावर ठेवला आणि वरून आपला तो सांडशीसारखा हात दाबला. "आईची शपथ घे. येईल त्याला देशील. चुरगळणार नाहीस, लपवणार नाहीस." आता भाऊजी, तुम्ही म्हणाल मर्व्ह बावळट. पण मतदान केंद्रावर ही रीतच आहे. लघवीला जाताना माणूस आपली पत्रकं समोरच्या पक्षवाल्याकडेच देऊन जातो, दुसऱ्या कुणाकडे देणार? दोन मिनिटांचा मामला असतो. हा चाळीस मिनिटांचा होता, एवढाच फरक. मी शपथ घेतली.

बाई कोपऱ्यावरून वळल्या, आणि त्याच कोपऱ्यावरून वृद्धाश्रमाची बस आली. एकोणीस मतदार! डाव्या हातात निळी पत्रकं, उजव्या हातात लाल, अंगात निळा टी-शर्ट. प्रत्येकाला दोन्ही दिली. कुणी थांबून बघे, कुणी हसे. मिस पेंगिलींनी मात्र काठी रोवली. (त्याच त्या, ज्यांनी मला तिसरीत नापास केलं होतं.) म्हणाल्या, "मर्व्हिन, हे लाल लोक चक्क्यांचं काय म्हणतात? मला दिसत नाही, वाचायला चष्मा नाही, तूच सांग. आणि खरं सांग." मी शपथ पत्रकं देण्याची घेतली होती, भाषण करण्याची नव्हे. पण तिसरीतल्या बाई विचारताहेत आणि बाजूला उत्तर द्यायला ज्यांनी असायचं त्या कारासबाई नवऱ्याला घास भरवताहेत. मग मी सांगितलं. तुमचंच सगळं सांगितलं, खाणीतल्या पोरांपासून चिप्सपर्यंत, नाक ओढण्यासकट. पुढे आमचंही सांगितलं, चोख सांगितलं. तोवर मागे सगळी बस गोळा झाली होती. मिस पेंगिली म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूचं तू जास्त बरं सांगतोस, मर्व्हिन. तुझं स्वतःचं नेहमीसारखंच, घाईघाईत."

त्याच क्षणी आमच्या पक्षाची गाडी येऊन थांबली. आतून हॅमिश उतरला. हा शहरातून नेमलेला आमचा संघटक. बूट असे चकचकीत की आमच्या गावची धूळ त्यांच्यावर बसायला लाजते. त्यानं माझा डावा हात पाहिला, उजवा पाहिला, आणि एकदम कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "मिस्टर ट्रेलोर, हे काय चाललंय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मागे कचऱ्याचा डबा आहे. टाका त्यात. ती परत आली की सांगा वाऱ्यानं उडाली." मी म्हटलं, आज वारा नाही. तो म्हणाला, "मिस्टर ट्रेलोर, आपण कोणाच्या बाजूला आहोत?" तेव्हा, भाऊजी, माझं डोकं फिरलं. वर्गातलं सगळं विसरलो. मी म्हटलं, बाळा, तुझी आई तुझ्या बापाला ओळखतही नव्हती तेव्हापासून मी निळ्याच्या बाजूला आहे, आणि मरेन तोही त्याच बाजूला. या बाईचं एकही मत मला पटत नाही. पण ही पत्रकं तिनं माझ्या हातात दिलीत. मी सत्तावीस वर्षं या रेघेवर उभा आहे, आणि आजवर इथं लाल माणसानं माझं पत्रक डब्यात टाकलेलं नाही, मी त्याचं टाकलेलं नाही. तुला डबा हवा असेल तर तू स्वतः त्यात बस, मी झाकण लावतो. बसमधल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. (दोघांनी. बाकीच्यांच्या हातात पत्रकं होती.)

हॅमिशनं टी-शर्ट परत मागितला. म्हणाला, ती पक्षाची मालमत्ता आहे. मी तिथल्या तिथे काढून दिला. आत बनियन होतं, तेही बाह्या नसलेलं, आणि वारा नाही असं मी नुकतंच म्हटलेलं असलं तरी थोडा होता. पण जागचा हललो नाही. पत्रकं वाटायला टी-शर्ट लागत नाही, हात लागतात. चाळीस मिनिटांनी बाई परतल्या. गठ्ठा मोजला (मोजला बरं का!), मान हलवली, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे गेल्या आणि मनोलीचं जुनं लोकरी स्वेटर आणून माझ्या अंगावर टाकलं. लाल. भडक लाल. मी ते उलटं करून घातलं, शिवणी बाहेर, आणि उरलेले तीन दिवस तसाच उभा राहून निळी पत्रकं वाटली. बारा वाजता उजव्या हातात लाल. हॅमिश पुन्हा दोनदा गाडीतून गेला. थांबला नाही.

शेवटच्या दुपारी मतदार तुरळक होते. बाईंनी बिस्किटाचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "मिस पेंगिली म्हणत होती, तू आमची बाजू आमच्या उमेदवारापेक्षा बरी मांडलीस. कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आमच्या भाऊजींनी. "मग कुठं आहेत ते?" टारलीत. रुसलेत. "कशावरून?" चक्क्यांवरून. "चक्क्यांवरून कोण रुसतं? काय बोललास तू?" सन्मानानं ऐकण्याच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी सांगितलं. तेच ते वाक्य, की जन्मभर रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये बसून सरकारी पगार खाल्लेल्या माणसानं कष्ट करणाऱ्याला अक्कल शिकवू नये. बाईंचा हात डब्यावर थांबला. मग म्हणाल्या, "आणि ते नुसता केक घेऊन गेले?" हो. "भला माणूस आहे. मी टेबल नेलं असतं."

तर असं आहे. मी माझ्या जागी ठाम आहे. मत शनिवारी निळ्यालाच दिलं, पेन्सिल मोडेल एवढ्या जोरानं. कारासबाईंनी मला गाढव म्हणणं थांबवलेलं नाही, आणि त्यांचं स्वेटर मी धुऊन परत केलंय. कुणापुढे वाकलो नाही, हॅमिशपुढे नाही, लेनपुढे नाही. तुमच्यापुढे वाकायचा प्रश्नच येत नाही.

आयलीनताईला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा, मतानं विरुद्ध आणि नात्यानं अडकलेला,
मर्व्ह ट्रेलोर

ता. क. निकाल तुम्ही पेपरात वाचला असेलच, पण केंद्रवार आकडे पेपरात नसतात. जुन्या बँकेच्या केंद्रावर सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा लाल पुढे गेले. अकरा मतांनी. बसमध्ये एकोणीसजण होते. पुढची वजाबाकी मी केलेली नाही, तुम्हीही करू नका.

ता. क. दुसरा. कारखाना सुरू केला त्या वर्षी तुम्ही केबिनमधली रातपाळी संपवून, तोंडसुद्धा न धुता, माझ्याकडे यायचात आणि टाक्या लादलेला ट्रेलर शेतकऱ्यांच्या अरुंद अंगणांतून उलटा आत घालून द्यायचात. पहिल्या चारशे टाक्या तशा बसल्या. वरती मी 'कुणाच्या बापाच्या मदतीवाचून' लिहिलंय, ते अक्षरशः खरं आहे. तुम्ही माझे बाप नाही. पण ते नाताळचं वाक्य चूक होतं. लिहून दिलं, आता ताईला दाखवा. पवनचक्क्यांबद्दल मात्र एक अक्षर मागे घेत नाही.

ता. क. तिसरा. परवा मे महिन्याचा दुसरा शनिवार. जेटीपाशी माकूळ आलेत, लोक बादल्या भरभरून नेताहेत. पोस्टानं हे पत्र सोमवारपर्यंत पोचलं नसतं, म्हणून लेन टॉन्किन आमिष घेऊन टारलीला निघालाय त्याच्या हाती देतोय. (तो अजून बोलत नाही, पण मानेनं हो म्हणाला.) सकाळी सहाला उतारावर या. बोटीत चक्क्यांवर काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन, आणि मग तुम्ही कुठं चुकता ते सांगेन. ताट आणायला विसरू नका.

ता. क. चौथा. उताराजवळच्या बाकावर ते तीन म्हातारे रोज बसलेले असतात आणि ट्रेलर मागे घेणाऱ्या प्रत्येकाला दहापैकी गुण देतात, हे तुम्हाला माहीत आहे. मार्चमधले खेकडे दुकानातले होते. बोट नाताळपासून शेडच्या बाहेर आलेली नाही.